मिश्रीवरची सूट

हॅनवेल, ईलिंग
९ नोव्हेंबर १९९७

प्रिय मधू,

दर दिवाळीला तुला एक कार्ड टाकते. छापील शुभेच्छांखाली सही करते, पाकीट बंद करते आणि पोस्टाच्या पेटीशी पोचेपर्यंत भाजी काय आणायची याचाच विचार करत राहते, मुद्दाम. आठ वर्षांत त्या कार्डापलीकडे तुला एक ओळ लिहिली नाही. तूही कधी विचारलं नाहीस. आज तीन कागद फाडून चौथा घेतला आहे, तेव्हा अक्षर वेडंवाकडं आलं तर चालवून घे. मजकूर मात्र चालवून घेऊ नकोस.

मोहनचा फोन आला त्याला तीन आठवडे झाले. तुझा व्हिसा नाकारला म्हणाला. कारण काय, तर १९८९ साली तंबाखूवरची ड्यूटी चुकवल्याबद्दल झालेली शिक्षा. डिसेंबरात शिल्पा बाळंत होणार, पहिलं मूल, आणि त्याची आजी कराडला बसून फोनची वाट बघणार. मोहन चिडला होता, पण व्हिसा ऑफिसवर नाही गं, तुझ्यावर. म्हणाला, मावशी, आईने तेव्हा ते उद्योग केले नसते तर आज ही वेळ आली असती का? आणि मी काय म्हटलं सांगू? मी म्हटलं, हो रे. फोनची वायर बोटाला गुंडाळत उभी राहून म्हटलं. मग विचारलं, शिल्पा नीट जेवते का.

ते हो रे मला परत घ्यायचं आहे. तुला सगळं माहीत आहे, तू तिथेच होतीस. तरी मला ते पहिल्यापासून लिहायचं आहे, माझ्या हाताने, कारण आजवर मी ते दुसऱ्या कुणाला तर सोडच, स्वतःलासुद्धा सरळ सांगितलेलं नाही.

आपण भेटलो तेव्हा मी तुला नाक मुरडलं होतं. ते तुझ्या लक्षात आलं नसेल असं मी बरीच वर्षं मानत होते. मंडळाच्या हळदीकुंकवाला तू आलीस, विष्णू रबराच्या फॅक्टरीत कामाला, तू कराडजवळच्या खेड्यातली, आणि मी सदाशिव पेठेतली बी.ए. पास. तू बाथरूममधून बाहेर आलीस ती दात घासून. दुपारी चारला. मी गिरीशला घरी येऊन म्हटलं, अरे ती मिश्री लावते, कामवाल्या बायकांसारखी. गिरीश म्हणाला, माझी आजी पण लावायची. त्याने माझं मत काही बदललं नाही.

मग विष्णू गेला, मोहन अकरा वर्षांचा होता, आणि दोन वर्षांनी आम्ही दुकान घेतलं तेव्हा गिरीशने तुला विचारलं की काउंटरवर येतेस का. मी विचारलं नव्हतं, हेही लिहून टाकते. पण तू आलीस आणि सहा महिन्यांत दुकान तुझं झालं. सकाळी पेपर लावायला तू, शाळेच्या पोरांना चॉकलेटच्या मांडणीपासून हाकलायला तू. साडीवर तो विटका हिरवा कार्डिगन घालून तू प्रत्येक गिऱ्हाइकाला लव्ह म्हणायचीस, इथल्या बायका म्हणतात तसं. टू पेन्स शॉर्ट, लव्ह, ब्रिंग टुमॉरो. लोक माझ्या बी.ए.च्या इंग्रजीला थँक यू म्हणायचे आणि तुझ्याशी गप्पा मारायचे. मला त्याचा राग यायचा, मधू. थोडा, पण रोज.

मिश्री तू माझ्याच किचनमध्ये भाजायचीस, कारण तुझ्या फ्लॅटमधला स्मोक अलार्म वाजायचा. तवा काळा व्हायचा, धुराने डोळे चुरचुरायचे, मी सगळ्या खिडक्या उघडून तोंड वाकडं करून उभी राहायचे. पण दुपारच्या चहानंतर तू ती बारीक डबी काढून सिंकपाशी पाठमोरी उभी राहायचीस, त्या पाच मिनिटांत तुझ्याशी काही बोलायचं नाही हे मी शिकले होते. विष्णू गेल्यावर तू रडलीस ती त्या पाच मिनिटांतच, हेही मला ठाऊक होतं.

तुझ्या भावाने कराडहून तयार मिश्रीचं पार्सल पाठवलं आणि ते कस्टम्सने अडवलं, ते पंचाऐंशी साल. पत्र आलं की येऊन खुलासा करा. हीथ्रोजवळच्या त्या ऑफिसात आपण दोघी गेलो. तो म्हातारा अधिकारी आठवतो? चष्मा कपाळावर चढवून डबा हुंगत होता. त्याची अडचण खरी होती. चघळायच्या तंबाखूवर ड्यूटी, नाकात ओढायच्या तपकिरीवर नाही, आणि हे नाकातही जात नाही, चघळायचंही नाही, मग हे काय. मी माझ्या चांगल्या इंग्रजीत पाच मिनिटं समजावत होते आणि त्याच्या डोक्यात काही शिरत नव्हतं. तेव्हा तू पुढे झालीस. पदर तोंडावर आडवा घेतलास, बोट ओलं केलंस, डब्यात बुडवलंस आणि त्या परक्या पुरुषासमोर दात घासून दाखवलेस. सासऱ्यासमोर कधी न केलेली गोष्ट. मग बोट पुसायला काही नव्हतं म्हणून पदराच्या टोकालाच पुसलंस. त्याने मान खाली घातली होती, मधू. मीही खाली घातली, पण मला तुझी लाज वाटत होती. त्याला वाटत होती ती स्वतःची, असं आता वाटतं.

त्याने सूट दिली. तुमच्या समाजातल्या वयस्कर बायकांची जुनी सवय आहे, तेव्हा तपकिरीसारखीच धरू, ड्यूटी नको. मात्र पार्सल मोजकं हवं, ते तुमच्याच बायकांच्या वापरासाठी हवं, बाहेरच्यांना विकायचं नाही आणि दर वेळी तसं लिहून सही करून द्यायची. मजकूर मी लिहिला, सही तू केलीस, मराठीत. मधुमती विष्णू थोरात. त्याला ती अक्षरं आवडली, त्याने विचारलं होतं कुठलं अक्षर कुठे संपतं. परत येताना बसमध्ये तू खुशीत होतीस. म्हणालीस, बघ नंदा, आपल्या मिश्रीला सरकारने मान दिला. मी हसले. तुझं ते वाक्य मला तेव्हा अडाणीपणाचं वाटलं होतं.

पुढची दोन वर्षं सगळं सरळ होतं. हाउन्स्लोच्या, साउथॉलच्या दहाबारा बायका यायच्या, चहा प्यायच्या, गावाकडच्या गोष्टी करायच्या आणि आपापली डबी भरून घेऊन जायच्या. मग अंडरग्राउंडवर सिगारेट ओढायला पूर्ण बंदी आली, आणि तो लाल मिशांचा तिकीट कलेक्टर तुला विचारायला लागला की तू सारखं तोंडात काय घालतेस. तू गंमत म्हणून त्याला चिमूटभर दिलीस. यू सिट डाउन फर्स्ट, लव्ह, असं बजावून. तो बसला नाही, मग दुधाच्या क्रेटवर बसावंच लागलं, घाम फुटला त्याला. तू पाणी दिलंस आणि हसून हसून लाल झालीस. तुझ्याकडून तेवढंच झालं. एक चिमूट, फुकट.

दुसऱ्या आठवड्यात तो परत आला तेव्हा काउंटरवर मी होते. पैसे देतो म्हणाला. कामावर सिगारेट ओढता येत नाही, हे ओठाखाली ठेवलं की कुणाला कळत नाही, आणि सिगारेटच्या पाकिटाच्या निम्म्या पैशात आठवडाभर पुरतं. पुरणारच, त्यावर ड्यूटी नव्हती ना. मी एक डबी दिली. मग त्याचे मित्र आले, मग बस डेपोतले ड्रायव्हर. मी कागदावर बायकांची संख्या वाढवली. बारा बायकांच्या वीस झाल्या, विसाच्या पस्तीस. पस्तीस बायका मिश्री लावणाऱ्या सगळ्या लंडनात नसतील. तू विचारायचीस, या वेळी पार्सल मोठं आलं का गं. मी सांगायचे, मंडळातल्या नव्या बायकांनी मागितली आहे. कागद तुझ्यापुढे सरकवला की तू म्हणायचीस, तू वाचलंस ना, मग झालं. आणि सही करायचीस.

तुझी पाळी दुपारी संपायची, ती माणसं शिफ्ट सुटल्यावर यायची. मी ते तसंच जुळवलं होतं. गिरीशलाही पत्ता नव्हता. मी स्वतःला काय सांगायचे माहीत आहे? की यात कुणाचं काय जातंय. की या देशाने आपल्याला काय थोडं लुटलं. अशी मोठमोठी वाक्यं मला फार सुचायची, शिकलेली ना मी. खरं कारण एवढंच की ज्या घाणेरड्या सवयीला मी नाक मुरडलं, तिला गिऱ्हाईक मिळत होतं आणि ते मी मिळवलं होतं, तुझ्या त्या लव्हने नाही. एवढ्याशा फुशारकीसाठी मी तुझा तो मान काउंटरखालून डब्यांतून विकला.

ऑक्टोबरातला तो मंगळवार. गिरीश हार्ट अटॅकनंतर पहिल्यांदाच दुकानात येऊन स्टुलावर बसला होता, तू गल्ल्याच्या टिलपाशी, मी मागे खोके उघडत होते. कस्टम्सची दोन माणसं आली, एक बाई एक पुरुष, दोघंही तरुण, त्या म्हाताऱ्यासारखं कुणी नाही. काउंटरखालच्या डब्या त्यांना लगेच सापडल्या, त्यांना सांगूनच कुणीतरी पाठवलं होतं. गिरीशचा चेहरा राखेसारखा झाला. मी आतून धावत आले आणि माझ्या तोंडून पहिलं वाक्य काय निघालं तर, तिला इंग्रजी येत नाही, मी सांगते तिला. कुणी विचारलं नव्हतं. ती बाई म्हणाली, बरं, तुम्ही दुभाषी व्हा.

तिने विचारलं की ही सूट तुमच्या समाजापुरती आहे हे तुम्हाला माहीत होतं का, आणि बाहेरच्या लोकांना या डब्या कोण विकत होतं. मी तुझ्याकडे वळले आणि मराठीत विचारलं, मधू, ते विचारतात, ही मिश्री तुझीच ना, तूच मागवतेस ना? तू माझ्याकडे बघितलंस. मग गिरीशकडे. मग परत माझ्याकडे. म्हणालीस, हो. माझीच आहे. आणि मी त्या बाईला इंग्रजीत सांगितलं की ती हो म्हणते, तीच विकत होती, आम्हाला यातलं काही माहीत नव्हतं.

लिहिलं बघ. आठ वर्षं लागली आणि तीन ओळींत मावलं.

त्यानंतर मी फार चांगली वागले, त्याची मला अजून शिसारी येते. कोर्टात तुझ्याबरोबर आले, तिथेही दुभाषी मीच. दंड मी भरला. मंडळात बायका म्हणाल्या, नंदाताईंचं मन मोठं, त्या थोरातबाईने तोंडाला काळं फासलं तरी तिच्या पाठीशी उभ्या राहिल्या. मी मान खाली घालून ऐकलं, लोकांना तो विनय वाटला. शुक्रवारच्या लोकल पेपरात चार ओळी आल्या, तुझ्या नावासकट, दुकानाचं नाव नव्हतं. मला वाटलं होतं त्या दिवशी तू येणार नाहीस. सहाला मी शटर उघडलं तर तू बाहेर उभी. गठ्ठ्याची दोरी कापलीस आणि नेहमीसारखे पेपर घडी सरळ करून मांडणीत लावलेस, एकेक. दिवसभर तूच ते विकलेस. लव्ह मात्र कुणाला म्हणाली नाहीस. आणि दुपारच्या चहानंतर सिंकपाशी गेली नाहीस. मिश्री त्या मंगळवारीच सुटली होती, हे मला नंतर कळलं.

मोहन तेव्हा एकोणीस वर्षांचा, कार्डिफला पहिल्या वर्षाला. ख्रिसमसला आला तो तुझ्याशी इंग्रजीतच बोलत होता, येस मम, नो मम. माझ्याकडे येऊन म्हणाला, मावशी, तू आम्हाला काम दिलंस, घर शोधून दिलंस, आणि तिने तुझ्याशी असं केलं, मला तुझ्याकडे बघायला लाज वाटते. त्या वेळी तोंड उघडायला हवं होतं. तो माझ्यासमोर बसून माझी माफी मागत होता, मधू. मी त्याला पोहे दिले. जानेवारीत तू सहा महिन्यांसाठी म्हणून भावाकडे गेलीस, परत आली नाहीस, आणि दोन वर्षं उलटल्यावर इथे परत राहायला येण्याचा तुझा हक्कही गेला. एअरपोर्टवर तू मला दोन जुनी पातळं दिलीस, सांभाळ म्हणालीस, मोहनला मूल झालं की लागतील. स्वतःच्या मुलालासुद्धा तू खरं सांगितलं नाहीस, आणि का नाही, हे विचारायचं धाडस मला कधी झालं नाही. तू सांगितलं असतंस तर मी सुटले असते. तू सांगितलं नाहीस आणि मला बरं वाटलं. दोन्ही खरं आहे.

बाकीच्या बातम्या तुला मोहनकडून कळल्या असतील. गिरीश गेला त्याला तीन वर्षं झाली. त्याला मी शेवटपर्यंत काही सांगितलं नाही. तो अधूनमधून म्हणायचा, मधूला पत्र लिही गं, बिचारी एकटी आहे तिकडे. दुकान विकलं, तिथे आता मोबाइल फोनवाला आहे. मोहन कार्डिफच्या हॉस्पिटलात एक्स-रे विभागात लागला, ते तुला माहीत आहेच. महिन्यातून एकदा येतो. माझे बल्ब बदलतो, गटार बघतो, जाताना पाया पडतो. मला मूल नाही, तुला ठाऊक आहे. तुझा मुलगा मी आठ वर्षं वापरला.

व्हिसाचा फोन आला त्याच्या दुसऱ्या आठवड्यात शिल्पाचा फोन आला. म्हणाली, मावशी, आईंना येता येत नाही, माझ्या आईचं गुडघ्याचं ऑपरेशन, तर बाळंतपणाला तूच ये ना, आईंच्या जागी. आईंच्या जागी, असंच म्हणाली ती पोर. आणि मी आनंदाने हो म्हटलं. खरंच आनंद झाला मला, खोटं कशाला लिहू. साउथॉलला जाऊन डिंक, खारीक, हळीव घेऊन आले, बॅग माळ्यावरून काढली. मग बाळाला दुपटं शिवावं म्हणून तुझी पातळं काढली, आजीच्या पातळाचंच दुपटं हवं ना. कात्री लावायच्या आधी पदर पसरला तर टोकाला एक तपकिरी डाग. बोटाएवढा. इतक्या धुण्यांत गेला नव्हता. आधी माझ्या लक्षातच आलं नाही कशाचा ते, आणि मग आलं. त्या ऑफिसातला. मी कात्री बाजूला ठेवली.

दुसऱ्या दिवशी मी राफाएल यांच्याकडे गेले. ईलिंगमधले सॉलिसिटर, मुंबईचे ज्यू, आपल्यासारखंच मराठी बोलतात, म्हणून मुद्दाम त्यांच्याकडे, की इंग्रजीच्या आड लपायला नको. त्यांनी सगळं ऐकून स्टेटमेंट तयार केलं. मिश्री कुणी मागवली, डब्या कुणी भरल्या, बाहेरच्यांना कुणी विकल्या, दुभाषी म्हणून काय खोटं सांगितलं, सगळं माझ्या नावावर, जसं आहे तसं. मी सही केली, मराठीत. माझ्यावर काय कारवाई होईल ते राफाएल पुढे बघतील. तुझी शिक्षा पुसायला अर्ज करता येईल, त्याला वेळ लागेल, पण व्हिसाच्या अर्जाला हे स्टेटमेंट लगेच जोडता येईल, म्हणाले. खात्री दिली नाही. फक्त एका जागी थांबले. श्रीमती थोरात यांना तेव्हा इंग्रजी समजत नव्हतं, असं एक वाक्य घालू, केस भक्कम होईल, म्हणाले. आणि मधू, मला ते घालता येईना.

कारण तुला इंग्रजी समजत होतं. सहा वर्षं तू त्या काउंटरवर साऱ्या हॅनवेलशी बोललीस. मी ते विसरायची इतकी प्रॅक्टिस केली की मलाच खरं वाटायला लागलं. त्या बाईचा प्रश्न संपला तेव्हाच तुझा हात टिलवरून खाली आला होता, मी तोंड उघडायच्या आधी. तुला प्रश्न कळला होता. माझा मराठीतला प्रश्न वेगळाच आहे, हेही कळलं होतं. मी काय विचारते याची तू वाट बघत होतीस. मी खरं विचारलं असतं तर तू खरं सांगितलं असतंस. मी खोटं विचारलं, तेव्हा तू स्टुलावरच्या गिरीशकडे बघितलंस आणि म्हणालीस, माझीच आहे. माझ्यासाठी नाही म्हणालीस, एवढं मला कळतं. विष्णूच्या वेळी हॉस्पिटलात रात्रंदिवस बसलेल्या माणसासाठी म्हणालीस. तरी फायदा मीच घेतला.

मोहनला मी गेल्या रविवारी सगळं सांगितलं. चहा त्याने घेतला नाही. एकच विचारलं, इंग्रजीत, तिला समजलं होतं का. मी म्हटलं, मला वाटतं हो. तो बाहेर जाऊन गाडीत बसला, खिडकीतून मला त्याची मान दिसत होती, अर्ध्या तासाने गाडी सुरू करून गेला. बुधवारी फोन आला, फक्त राफाएल यांचा नंबर विचारायला, तोही इंग्रजीतच. मावशी म्हणाला नाही. म्हणेल अशी आशा मी धरलेली नाही. आज हे लिहिते आहे ते माफीसाठी नाही, माफी मागायला तोंड हवं. लिहिते आहे कारण स्टेटमेंटमध्ये ती एक ओळ मी कोरी सोडून घेतली आहे. तुला समजत होतं की नव्हतं, ते तू लिही, मराठीत लिही, तुला हवं ते लिही आणि राफाएल यांना पाठव, पत्ता मागे आहे. तुझ्या तोंडी माझे शब्द पुन्हा घालणार नाही. दुपटं शिवून झालं आहे. डागाचा भाग मी कापला नाही, आतल्या बाजूला घेतला आहे, बाळाला लागणार नाही. ते, डिंक आणि हळीव मोहनकडे पार्सलने पाठवले, वर तुझं नाव लिहून. शिल्पाला कळवलं की मी येत नाही. बॅग रिकामी करून माळ्यावर ठेवली. आईंच्या जागी कुणी जाणार नाही, तिथे तू जा.

तुझीच म्हणायचा हक्क मीच घालवला आहे, तरी
नंदा